शनिवारपर्यंतचा फोन

सोमवार, ५ मे
आले एकदाची राजधानीत, अक्राला! मॅडम अकोफांनी आमच्या केटा गावातलं शिवणाचं दुकान बंद केलं आणि मला इथे, नव्या दुकानावरच्या खोलीत बोलावून घेतलं. आईने दिलेल्या सुक्या माशांचा वास खोलीभर सुटलाय. सोबत डेला आहे, माझ्यासारखीच शिकाऊ शिवणकरीण. शनिवारी मॅडम आमच्यातल्या एकीलाच 'मोकळी' करणार, म्हणजे शिक्षण पूर्ण आणि नवं दुकान तिच्या हाती. डेला शिवलेल्या झग्यांचे फोटो फोनवर टाकते आणि बायका तिलाच शोधत येतात. माझ्याकडे बटणांचा डबा. टाके माझे सरळ, नाव तिचं.

मंगळवार, ६ मे
सर्कल चौकातल्या बाजारात गेले. परदेशात वापरलेले फोन विकणारा एडेम आमच्या केटाचाच निघाला. एक फोन नुसता हातात घेतला, तर माझा चेहरा पाहून उघडला! एडेम हसून म्हणाला, "बघ ताई, ओळखतो तुला! शनिवारपर्यंत वापर, नाही पटला तर परत आण." माझा जुना फोन त्याने ठेवून घेतला. इतका स्वस्त का, आधी कुणाचा होता, विचारलं तर बॅटरीचं कौतुक सांगत बसला.

बुधवार, ७ मे
डेलाचा फोटो काढला. काळपट आला, बरं वाटलं. मग स्वतःचा काढला, तर मानेवर, खांद्यांवर पांढरी पावडर! आरशात पाहिलं, अंगावर काहीच नाही. आधी दचकले, मग हसूच आलं. आपल्याकडे पावडर उधळतात ती जिंकलेल्यावर. म्हणजे शनिवारी मीच! डेलाने माझ्यासाठी मक्याच्या पिठाचे केंके आणि तळलेला मासा आणला होता. खाल्ला, पण तिचा चांगुलपणाही हल्ली खुपतो.

गुरुवार, ८ मे
आजच्या फोटोत पावडर आहेच, वर अंगात पांढऱ्या लेसचा झगा. असा झगा माझ्याकडे नाही. डेला मशीनवर काहीतरी पांढरं शिवते आणि मी गेले की झाकते. स्वतःसाठीच असणार. तिला निकाल आतून कळलेला दिसतोय. माझा नुसता जळफळाट झाला. फोन ठेवूनच घ्यायचा, तो तरी माझ्या बाजूने आहे.

शुक्रवार, ९ मे
मॅडमनी नाव जाहीर केलं. माझं! डेलानेच त्यांना सांगितलं होतं म्हणे, एलिनामला आधी मोकळं करा, तिची आई एकटी आहे. आणि तो झगा माझ्यासाठीच. लेस तीच, गळा तोच.
मग फोटो काढला. डोळे मिटलेले. पितळी पलंग. नाकात कापूस.
मेलेल्यालाही आपण असंच सजवतो. पांढरी लेस, पावडर, पितळी पलंग. मला हे आधी का सुचलं नाही? उद्या सकाळी फोन परत.

शनिवार, १० मे, सकाळी
निघालेही होते. मग वाटलं, आजचे फोटो कशावर काढायचे? डेलाच्या फोनवर? मुळीच नाही. उद्या परत करीन.
झगा मात्र घालणार नाही. डेलाला म्हटलं, लेस मला टोचते, तूच घाल. तिने घातला. काय होईल ते मला ठाऊक होतं, तरी घालू दिला.

दुपारी
समारंभाला आलेल्या सगळ्या बायका तिच्याकडेच बघतायत. काय दिसतेय, काय शिवलंय! मॅडमनी पावडरची पहिली मूठ चुकून तिच्यावरच उधळली. आज दिवस माझा आहे. माझा!
मागितला मी झगा. ती हसून म्हणाली, "अगं, तुझाच आहे," आणि लगेच उतरवून दिला.
अंगात नीट बसला. पाठीला मात्र सपाट — जणू मला झोपवून माप घेतलंय —

मग सगळ्यांनी पावडर ओतली. टाळ्या. खूप टाळ्या. पाय उचलत नाहीत. मॅडमच्या खोलीत जरा टेकलेय. पलंग पितळी आहे, आधी कधी —

डेला दार वाजवतेय. आतून कडी लागलीय, मी घातली नव्हती —

फोन उशीला टेकून उभा. मी नाही ठेवला. चेहरा ओळखत नाहीये. पडद्यावर आलंय, ओळख पटत नाही, डोळे मिटा.
नाही मिटणार. डेला, झगा काढ माझ्या अंगावरून, घे तुझा, दुकानही घे, सगळं —
पुन्हा तेच. डोळे मि