रडणाऱ्याला काय म्हणावे

प्रिय ताई, धाकटीचा नमस्कार.

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर तू माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचीस आणि चुकले की वेणी ओढायचीस. आता ते काम कॉम्प्युटर करतो. नर्सिंगच्या परवान्यासाठी रोज शंभर सराव प्रश्न सोडवते आहे.

प्रश्न काय, तर ऑपरेशनआधी रुग्ण रडतो आहे, नर्सने प्रथम काय करावे? मी निवडलं, ‘जवळ बसावे.’ चूक! बरोबर उत्तर, ‘तुम्हाला भीती वाटते आहे असे दिसते, असे म्हणावे.’ रडणाऱ्यालाच ही बातमी द्यायची! ज्या दीडशहाण्याने हे लिहिलं, त्याने आयुष्यात बेडपॅन उचललं नसेल.

तिकडे बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळला, आणि इथे परदेशात परवान्यावाचून नुसत्या चादरी बदलते.

माझ्याबरोबर खोलीत राहणारी पोरगी म्हणते, “मावशी, खरं विसरा, त्यांना हवं ते लिहा.” दोनदा नापास झाले, ही शेवटची संधी. तेव्हा लिहीन त्यांचा मूर्खपणा. पास झाले की मात्र मुकाट्याने जवळच बसेन.

जेवते वेळेवर. तुझे गुडघे कसे आहेत?

पार्सलमधली शाल आईला दे, चॉकलेटं नातवंडांना. परीक्षेचं आईला सांगू नकोस. भाची मागते आहे तो कपाटातला माझा पांढरा युनिफॉर्म एवढ्यात कुणालाच देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी