पहिला अर्धा तास

प्रिय खारूताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते योग्यच आहे. म्हणून हे पत्र. ते तुझ्याकडे न्यायला जावईबापू गाडीची किल्ली घेऊन माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे आहेत, तेव्हा प्रस्तावना आवरती घेतो, आवरतं घेणं एरवी माझ्या स्वभावात नाही.

शाळा सुटली की तू इथल्या स्टुलावर येऊन बसायचीस. उंदरीणबाईंच्या गर्भाशयाची चिमूटभर पट्टी कोमट खारट पाण्यात लटकलेली असायची. ती आकसली की तिला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर डोंगर काढायची. एका संप्रेरकाने डोंगर उंच, दुसऱ्याने सपाट मैदान. तू विचारायचीस, बाबा, हिला दुखतंय का? मी म्हणायचो, देवी केवळ स्पंदन पावत आहेत. संस्कृत शिकल्याची हीच सोय, अडचणीच्या प्रश्नाला तत्सम शब्द सापडतो.

आमचा शिरस्ता तुला पाठ आहे. पहिल्या अर्ध्या तासातले डोंगर मोजायचे नाहीत. पट्टी स्थिरावते आहे म्हणायचं, समासात ‘दुर्लक्ष’ लिहायचं आणि चहा प्यायचा. गेल्या वर्षी तुला पाचवा महिना असताना तू फोनवर म्हणालीस, पोट आवळल्यासारखं होतंय, तेव्हा सव्वीस वर्षांच्या सवयीने मी बोललो, अगं, स्थिरावतंय, जरा पडून राहा. तुझी आई मागून म्हणत होती, तुमचे उंदीर पुरेत, पोरीला दवाखान्यात धाडा. मी तिला हसलो. तू माझं ऐकलंस. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं.

नंतर मी कागदांच्या जुन्या गुंडाळ्या उलगडत बसलो. ज्या गाभण माद्यांमधलं स्नायूला शांत ठेवणारं संप्रेरक दिवस भरण्याआधीच उतरलं होतं, त्यांचे पहिल्या अर्ध्या तासातले डोंगर स्थिरावले नव्हतेच. वाढत गेले होते. शेजारी माझं वळणदार अक्षर, दुर्लक्ष.

जावईबापू आत्ता सांगतात, तुला पुन्हा पाचवा महिना आहे. मला कळवलं नाहीस, तेही योग्यच. सकाळपासून पोट आवळतंय, आई उशाशी बसून विनवते आहे, आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणतेस, काही नाही, स्थिरावतंय. पोरी, माझा राग धरलास, मग माझा शब्द कशाला जपून ठेवलास? टाक तो. मी स्वतः आलो तर तू दार लावून घेशील, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही. जन्मभर माझ्याशी बोलू नकोस, चालेल मला. पण हे वाचून संपलं की ऊठ. गाडी खाली उभी आहे.

तुझाच,
चुकलेला बाबा