नववीची हजेरी तलावात होती, ती ‘निरंक’ लिहिल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
अनुदान फेरतपासणी समिती (माध्यमिक शाळा),
मुक्काम भंडारा.

विषय : सिवनबोडी विद्यालयाच्या तपासणी अहवालातील इयत्ता नववीचा शेरा दुरुस्त करून २७ जूनपूर्वी शाळेची पुन्हा तपासणी करण्याबाबत.

संदर्भ : १) दि. १८ जानेवारी २०१६ ची तपासणी. २) शाळेस दि. २८ मे २०१६ रोजी मिळालेला अहवाल.

महोदय,

मी खाली सही करणार मनिराम दसरू मारबते, राहणार मौजा सिवनबोडी, तालुका लाखनी, धंदा मासेमारी. माझी मुलगी ज्योत्सना सदर शाळेत नववी पास झाली आहे. वास्तविक हा अर्ज शाळेच्या संस्थेने करायचा. परंतु अनुदान नाकारल्याचे कळताच संस्थेने शाळा बंद करण्याचा ठराव घेतला व अपील करणार नाही असे तोंडी सांगितले. म्हणून पालक या नात्याने मी करीत आहे. गावच्या मच्छिमार संस्थेचा मी नऊ वर्षे सचिव असल्याने अर्जाची भाषा मला येते. चूकभूल माफ असावी.

१) सदर शाळा अकरा वर्षांपासून विनाअनुदान चालू आहे. मुख्याध्यापक भैय्यालाल सर शाळा सुटल्यावर पिठाच्या गिरणीवर बसतात. जानेवारीत अनुदानासाठी तपासणी समिती येणार असे पत्र आले तेव्हा गावाला सण आल्यासारखे झाले. पत्रात वेळ दुपारी एकची होती.

२) आमच्या वस्तीत पाहुण्याला शिळी किंवा विकतची मासोळी वाढत नाहीत. ती त्याच दिवशी गावच्या पाण्यातून काढावी लागते. जानेवारीत तलाव भरलेला असतो, मोठे जाळे दोन्ही काठांवरून ओढायला तीस-चाळीस हात लागतात. गावचे निम्मे गडी त्या वेळी बाहेरगावी कामाला गेलेले होते. म्हणून सकाळी दहा ते बारा नववीचा वर्ग द्यावा, असे मी मुख्याध्यापकांना म्हणालो. त्यांनी दोनदा नाही म्हटले. मीच त्यांना म्हणालो, “गुरुजी, सायब लोकं गावात येऊन राहिले. त्यायले काय लाखनीची बर्फातली मासोळी वाढाची?” तिसऱ्यांदा त्यांनी नाइलाजाने वर्ग दिला. ही चूक सर्वस्वी माझी आहे, मुख्याध्यापकांची नाही. हे मी शुद्धीवर राहून लिहून देत आहे.

३) समितीचे तिन्ही साहेब पावणेअकरालाच आले. नववीचा वर्ग रिकामा दिसला. सरांनी खरे ते सांगितले. त्यावर साहेब रागावले असते तर आम्हाला समजले असते. परंतु ते हसले, चला पाहू म्हणाले, आणि तलावाच्या पाळीवर खुर्च्या मागवून तासभर बसले. कंबरभर थंड पाण्यात चौतीस पोरेपोरी जाळे ओढत होती. एका साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला व त्याच सायंकाळी सरांना पाठवला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. डोकी मोजून पाहावी, चौतीस भरतात.

४) बारा वाजता मुले कोरडे कपडे घालून वर्गात बसली. त्यांच्याकडे कोणी पाहायला गेले नाही, कारण ताटे मांडली होती. रोहूचा रस्सा व झिंगे माझी पत्नी रेवताबाई हिने केले. वाढायला नववीच्याच काही मुली बोलावून आणल्या. मोठ्या साहेबांनी ज्योत्सनाला नाव विचारले, वर्ग विचारला, सतराचा पाढा म्हणायला लावला. तिने न अडखळता म्हटला. साहेब शाब्बास म्हणाले व भात परत मागितला. जाताना तिघांनी तीन डबे भरून नेले. डब्यांबाबत आमची काही तक्रार नाही.

५) आता अहवाल पाहावा. “इयत्ता नववी : पट ३४, हजर निरंक. विद्यार्थी शालेय वेळेत मासेमारीत गुंतलेले आढळले. पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था. अनुदानास अपात्र.” महोदय, अनास्था हा शब्द मी सरांकडून समजून घेतला. समजल्यावर मला दोन दिवस जेवण गेले नाही. ज्यांना आम्ही हाताने वाढले, त्यांनी हात पुसून आमच्याविषयी हे लिहिले. ज्योत्सनाने अहवाल वाचला आणि एवढेच विचारले, “मी त्यायले दोनदा भात वाढला, बाबा. मंग मी गैरहजर कशी?” हाच प्रश्न मी आपणास करीत आहे. नियमात उत्तर असल्यास लेखी कळवावे.

६) शाळा बंद झाल्यास दहावीसाठी लाखनी चौदा किलोमीटर आहे व सकाळची एसटी शाळा भरल्यावर पोहोचते. वर्गातल्या एकोणीस मुलींपैकी सात जणींच्या घरी आताच स्थळांची बोलणी सुरू झाली आहेत. ज्योत्सना एक जूनपासून आईबरोबर मासोळीचे टोपले घेऊन बाजारात बसते. मी तिला जा म्हटलेले नाही. ती आपणहून गेली, याचेच मला जास्त लागले आहे.

७) तरी विनंती की, २७ जूनला शाळा उघडतात, त्यापूर्वी नववीचा शेरा दुरुस्त करून पुन्हा तपासणी व्हावी. वेळ न कळवता आले तरी चालेल. सुटी असली तरी त्या दिवशी चौतीसच्या चौतीस मुले बाकावर बसलेली सापडतील, याची हमी मी देतो. मात्र आपल्या साहेबांना चहा मिळणार नाही, जेवण मिळणार नाही, पाणीही कोणी विचारणार नाही. रेवताबाई दाराला कडी लावून आत बसणार आहे. पाहुण्याला असे उपाशी परत पाठवल्याचे आमच्या गावात कोणाला आठवत नाही. ते आम्ही करू. पोरांची हजेरी तेवढी लिहून न्यावी.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून असलेला,
आपला नम्र अर्जदार,
(सही)
मनिराम दसरू मारबते
मौजा सिवनबोडी, ता. लाखनी, जि. भंडारा
दि. ६ जून २०१६