तुझ्या हातची धून

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांत तुझं एकही पत्र आलं नाही, म्हणून मी रुसले नाही हे आधीच सांगते. रुसायला सवड कुठे होती? दिवसभर कारखान्यात शर्टांना बटणं लावायची आणि घरी आल्यावर तुझ्या अकॉर्डियनची बटणं दाबायची. हस, हस. शाळेच्या प्रार्थनेत जिला नुसते ओठ हलवायला सांगायचे, ती तुझी ताई अकॉर्डियन शिकली.

बाबांची नजर गेली तेव्हापासून ते तुझी नावाड्याची धून मागायचे. तुला घराबाहेर काढलं त्यांनीच, पण धून हवी. खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांनी मला शिकवायचं कबूल केलं. पहिले दोन आठवडे नुसता भाता उघडायचा आणि मिटायचा. खांदे भरून यायचे. डाव्या हाताची बटणं वाजवताना दिसत नाहीत. त्यातल्या एकाला बारीक खळगा असतो, तो चाचपून बाकीची शोधायची. मला खळगा सापडेपर्यंत उजवा हात कुठल्या कुठे गेलेला असायचा. काका म्हणायचे, "घाई कोणाला आहे?" मला होती.

चार महिन्यांनी धून अडखळत का होईना, पुरी झाली. बाबा उशीवरून मान उचलून ऐकत होते. म्हणाले, "आलास का रे?" मी म्हणाले, बाबा, मी आहे. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही. त्यांचं चित्त तेव्हा थाऱ्यावर नव्हतं; अंग पुसायला गेले की मला दवाखान्यातली बाई समजायचे. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गप्प राहिले. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. किती खूश होते रे ते. मग मी कापणीची धून शिकले, अंगाईची शिकले. रोज संध्याकाळी तू यायचास आणि वाजवायचास. एकदा म्हणाले, "तेव्हा नको ते बोललो तुला. मनात ठेवू नकोस." मी भाता मिटला आणि तुझ्या वतीने त्यांचा हात धरला.

मागच्या मंगळवारी बाबा गेले. आदल्या संध्याकाळी मी अंगाई वाजवत होते. मध्येच म्हणाले, "तू आलास, बरं झालं. पण तुझ्या ताईचं काय? इतकी माया लावली पोरीला, एकदाही फिरकली नाही. तिला सांग, मी वाट पाहिली." मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. बोलले असते, तर तू निघून गेला असतास. म्हणून मी पुढची ओळ वाजवली. तीही चुकली. बाबांनी तुला माफ केलं, हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे. आणि मी रोज तिथे होते, हे ठाऊक असलेलं आपल्या घरात एक तरी माणूस उरावं, म्हणूनही.

तुझीच,
ताई