फाटकातून आलेली माती

दुब्रोवा, अल्बर्टा
१६ जुलै

ती. दारकाताईस,
सा. न. वि. वि.

तू प्रयोगशाळेत गावभरच्या पिकांची दुखणी बघतेस, आज घरचंच दुखणं पाठवतोय. फाटकाजवळच्या कॅनोलाने भर फुलोऱ्यात मान टाकली आहे. रोप उपटलं तर मुळांना आल्याच्या गड्ड्यांसारख्या गाठी. सोबत रोपं दिली आहेत. माती झटकलेली नाही, उगाच ओरडू नकोस. माझी कंबर आता बरी आहे, पण ओलेना अजून शिडीला हात लावू देत नाही.

तुझा,
ओस्ताप

एडमंटन
२५ जुलै

चि. ओस्तापास,
अनेक आशीर्वाद.

मुळगाठच आहे. तुझ्या रानात आमच्या प्रयोगशाळेने काढलेलं रोग न लागणारं वाण होतं, तेही टिकलं नाही, हे मला फार लागलं. औषध नाही. तिथे काही वर्षं कॅनोला काय, मोहरीच्या जातीचं काहीच नको, फाटकाशी गवत पेर. हा रोग बहुधा चाकांच्या मातीतून येतो. गेल्या शरदात तू कंबर मोडून पडलास तेव्हा शेजाऱ्यांनी हार्वेस्टर आणून तुझं पीक काढलं. चाकं धुतली होती का? त्याच चाकांवरून तुझी माती त्यांच्याकडेही गेली असेल. सुगीआधी सगळ्यांना सांग.

ओलेनाला आशीर्वाद.
दारका

दुब्रोवा
८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

कुणीच धुतली नव्हती. स्वतःचं उभं पीक सोडून धावून आलेल्या माणसाला आधी चाकं धू म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? ओलेनाने त्यांना बटाट्याच्या सारणाचे पेरोगी वाढले, मी खाटेवरून आभार मानले. सर्वांत पुढे नेस्तर होता. ओलेना म्हणते, गप्प बसा. मला झोप येत नाही.

काही तरी लिही.
ओस्ताप

दुब्रोवा
२८ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुणाचं नाव घेऊ नकोस, हे तुझं फोनवरचं म्हणणं पाळलं. चर्चनंतर कॉफीच्या वेळी एवढंच म्हणालो की माझी माती आजारी आहे, तुमची रानं बघा, यंत्रं धुवा. नेस्तरने कप खाली ठेवला. म्हणाला, गेल्या वर्षी मी तुझ्या रानात यायलाच नको होतं. त्यानंतर आमच्याशी कुणी नीट बोललं नाही.

गेल्या आठवड्यात नेस्तरला हृदयविकाराचा झटका आला. त्याचं पीक काढायला सगळे जमणार होते. मी माझं हार्वेस्टर फाटकातच धुतलं, खरवडलं, ब्लीच मारलं. निघणार तोच त्याच्या बायकोचा, मारियाचा फोन आला. यंत्र आणू नकोस म्हणाली. मी म्हटलं, नुसता तुमचा धान्याचा ट्रक चालवायला येतो. ती म्हणाली, तूही येऊ नकोस.

काल रस्त्यावर उभा राहून बघत होतो. हार्वेस्टर ओळीने नेस्तरच्या रानात शिरले. एकाचंही चाक कुणी धुतलं नव्हतं.

इथे आता लोभ मागावा असं कुणी नाही, तुझा तेवढा राहू दे.

तुझा,
ओस्ताप