पाठ करून दिलेली तीन वाक्यं

दादा, परवा तुमच्या पुतण्यानं मोबाईलवर तुमचा फेटा बांधलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘देवमाणूस’. लोणीतल्या निम्म्या गावानं हात जोडले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही ख्याती काही कमी होत नाही. भावाभावांचे बांधावरचे तंटे तुम्ही मिटवायचात, म्हणून देव. तुमचा पेपर वाचून होईपर्यंत तुमची बायको, माझी आई, ताट धरून उभी असायची, ते गावानं पाहिलं नाही. भाकरी जरा गार लागली की ताट अंगणात. तुमच्या देवपणाचा आमच्या घरात कुणाला फायदा झाला असेल, तर तो कुत्र्याला.

मी नऊ वर्षांची आहे. स्वयंपाकघरात तुम्ही आईचा हात पिरगळता आणि ऊस मोडल्यासारखा आवाज येतो. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरांना तुम्हीच सांगता, “मोरीत पाय घसरला तिचा.” मला वाटतं, आता डॉक्टर मला विचारतील. पण तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून असे काळजीनं उभे, की ते तुम्हालाच म्हणतात, बसा, दमला असाल. दुसऱ्या दिवशी गळ्यात अडकवलेला हात घेऊन आई माझ्यासकट जुन्नरच्या एसटीत बसली. मामाकडे मी तिला पहिल्यांदा निवांत बसून जेवताना पाहिलं.

तिनं घटस्फोट मागितला, कारण लिहिलं क्रूरता. त्या शब्दाचा तुम्हाला केवढा अपमान वाटला! कोर्टाच्या पायऱ्यांवर तुम्ही मामाला म्हणालात, “क्रूरता? म्या काय राक्षस हाय का? बायकूला दोन शब्द बोलायचं न्हाई व्हय? ती जाऊ दे कुठं जायचं तिथं. पोरगी माझी हाय, ती माझ्याकडंच ऱ्हाईल. लोक काय म्हणतील?” तेवढ्यात तुमच्याच वकिलानं विचारलं, पोरगी कितवीत आहे. तुम्हाला सांगता आलं नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी सांगितलं नाही.

केस चालू असताना रविवारी मला नेण्याची तुम्हाला परवानगी होती. एका रविवारी ओझरला नेलंत. खांद्यात काचणारा नवा फ्रॉक, हातात पेढा. दर्शन झाल्यावर नदीच्या घाटावर बसवून तुम्ही मला तीन वाक्यं पाठ करायला लावलीत. आई मारती. मामाकडं अभ्यास व्हत न्हाई. मला दादांकडं ऱ्हायचंय. “म्हण पुन्हा,” तुम्ही म्हणायचात. “आन् आधी रडायचं, मग बोलायचं.” देवाच्या दारात बसून पोटच्या पोरीला खोटं शिकवताना तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

न्यायाधीश बाईंनी मला त्यांच्या खोलीत एकटीला बोलावलं. “तुला कुठं राहायचंय, बाळ?”

मी विचारलं, “पाठ केलेलं आधी सांगू का?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “पाठ कुणी करून घेतलं?”

“दादांनी. आधी रडायचं पण आहे. पण मला रडू येत नाहीये.”

“बरं, नको रडू. पाठ न केलेलं सांग.”

मग मी ताटांचं सांगितलं, हाताचं सांगितलं. आईला घटस्फोट मिळाला आणि मी आईकडे राहिले. बाहेर तुम्ही वकिलाला म्हणालात, “पोरगी फितवली तिनं.” एवढे तंटे मिटवणारा माणूस, पण दहा वर्षांची मुलगी आपल्या मनानं खरं बोलू शकते, हे तुमच्या डोक्यात शिरलं नाही.

महिन्यातून एका शनिवारी मामाकडे येऊन मला भेटायची तुम्हाला मुभा होती. दोनदा आलात. दोन्ही वेळा घड्याळ बघत बसलात. मग आलाच नाहीत. पुढे तुम्ही गेल्याचं आम्हाला दहावं उरकल्यावर कळलं. आईनं अंघोळ केली आणि ती कामावर गेली.

हा कागद मी फाडणार आहे, तिच्या हाती लागायला नको. तिला अजून वाटतं, तिसऱ्या महिन्यात मीच मामाच्या फोनवरून तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं. मीच तसं सांगितलंय तिला. ती मला लई धीट समजते. त्या शनिवारी ती कामावर होती, आणि मी दोन वेण्या घालून दुपारपर्यंत मामाच्या ओट्यावर बसले होते.