साचा नको, गोदाम नको

६ फेब्रुवारी २०२३

ऑर्डर बंद! जुन्या बसगाड्यांच्या एसीच्या प्लास्टिक जाळ्या आम्ही बीरगांवच्या शेडमध्ये बनवत आलो. आता बसकंपनी म्हणते, माल साठवायचाच नाही. गाडीची जाळी तुटली की डेपोतच थ्रीडी प्रिंटरवर काढायची. एक पाहिजे तर एकच. साचा नको, गोदाम नको, ट्रान्सपोर्ट नको — अन् आम्ही पण नको!

सुधाकर जेवला अन् झोपला. नवरा आहे की दगड!

८ फेब्रुवारी

कंपनीत हे प्रिंटरचं काम कोण पाहते? राधिका! माझी सख्खी बहीण! इथं शंकर नगरला माझ्याच घरी राहून इंजिनिअर झालेली पोट्टी!

९ फेब्रुवारी

मी शेडवर गेली. मशीनवरची शांताबाई म्हणे, "ते नवीन मशीन चालवाले बी मानूस लागंल ना, दीदी? मले शिकवा."

काय सांगू तिला? मशीन एकटीच चालते म्हणे.

१२ फेब्रुवारी, रविवार

राधिका आली. दारातच धरलं.

"काहून केलं असं? भाऊजींचा धंदा दिसला नाही तुले?"

"ताई, त्या गाड्याच कमी होऊन राहिल्या. थोड्याशा जाळ्यांसाठी कंपनी माल भरून ठेवत नाही आता."

"अन् प्रिंटरला लागते ते आमचं जाळीचं ड्रॉइंग? ते कुठून आलं? चोरलं तू!"

ती सुधाकरकडे पाहत राहिली. तो पेपरात डोकं घालून. मग म्हणाली, "हव. मीच घेतलं. बस?"

"निघ! परत पाय ठेवू नको इथं!"

गेली. रडली पण नाही. त्याचाच जास्त राग.

१५ फेब्रुवारी

आईचा नागपूरहून फोन — बहिणीशी असं वागतात का? वागतात!

१७ फेब्रुवारी

राधिकाच्या साहेबांना मेल टाकला. ड्रॉइंग चोरलं, स्पष्ट लिहिलं. सुधाकरला विचारलं नाही. तो काय बोलणार!

२३ फेब्रुवारी

राधिकाला कामावरून काढलं. चहा देताना सुधाकरला सांगितलं — झालं समाधान!

त्यानं कप खाली ठेवला.

"ड्रॉइंग मीच दिलं, उल्का. ती नको म्हणत होती, तुमचं काम जाईल म्हणे. मी थकलो होतो. शेड बंद करू, हे तुझ्यासमोर तोंडातून निघत नव्हतं. तिला शपथ घातली, ताईला सांगू नको."

तेव्हापासून मी फोन लावून राहिली. राधिका उचलत नाही.